येमूल यांना विचारा

एक ठिपका पिवळाच राहिला होता.

बाकीचे एकेक करून हिरवे होत होते. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. खाली शेडमध्ये माग पुन्हा सुरू झाले होते आणि वरच्या माझ्या खोलीची काच नेहमीसारखी बारीक थरथरत होती. कारखान्यातला प्रत्येक कॉम्प्युटर माझ्या स्क्रीनवर एक ठिपका होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे काहीतरी करायचं राहिलंय. त्या दिवशी मी सगळ्यांना नवा नियम पाठवला होता. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला की नियम लागायचा आणि ठिपका हिरवा व्हायचा. अकाउंट्स झालं, डिस्पॅच झालं, गेटवरचाही झाला. 'डिझाईन दोन' तेवढा राहिला.

डिझाईन दोनवर माझी बायको बसायची. अंबिका.

मी खाली फोन लावला. शकीलानं उचलला. शकीला तिच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. तिला अक्का म्हणायची, म्हणून मला भाऊजी.

"शकीला, अक्कांना सांग, एकदा बंद करून चालू करा म्हणावं. सगळा कारखाना त्यांच्यासाठी थांबलाय."

"अक्का नाहीत भाऊजी. समोर डाइंगला गेल्यात. पिवळ्या सुताचा रंग बघायला."

"जेवल्या जेवल्या?"

"दस्तगीर मास्तरांनी चुकीचा शेड आणला म्हणं. मीच बघून येते म्हणाल्या."

"मग तूच कर बंद."

"मी नाही बाबा. त्यांचं काहीतरी उघडं आहे. हात लावला तर मलाच बोलतील. येतील की आता."

मी ठिपक्याकडे बघत बसलो. खिडकीतून ऊन येत होतं आणि उन्हात कापसाची तुसं तरंगत होती. आमच्याकडे ती सगळीकडे असतात, चहात पडतात, पापण्यांवर बसतात. मला जरा गुंगी आली होती. मागांचा आवाज सवयीचा झाला की ऐकू येत नाही, नुसता अंगात राहतो. त्या गुंगीत मला जिन्यावर पावलं ऐकू आली आणि वाटलं, अंबिकाच आली, आता दारातून विचारेल, काय हो, कशाला ओरडताय त्या पोरीवर.

गेटवरचा शिवय्या होता. टोपी काढून हातात घेतलेली.

"येमूल साहेब, खाली चला," तो म्हणाला. "रस्त्यावर."

टेम्पोवाला रस्त्याच्या कडेला खाली बसला होता. तरुण माणूस होता. त्याला कुणी मारलं नव्हतं तरी तो हात डोक्यावर धरून बसला होता. "बाईंनी बघितलंच नाही ओ," तो म्हणत होता. "हॉर्न दिला. सरळ पुढं बघत चालत आल्या. माझ्याकडं बघितलंच नाही." पोलीस आले तेव्हाही तो तेवढंच म्हणाला. कुणाचा विश्वास बसला नाही. रस्ता सरळ होता, लख्ख ऊन होतं, टेम्पो लाल रंगाचा. मागांच्या आवाजात हॉर्न विरला असेल असं समजू, पण एवढा टेम्पो दिसला नाही असं कसं होईल. माझाही विश्वास बसला नाही.

दिवसकार्य आटोपून मी कामावर परत आलो. मधे शकीलानं अंबिकाचा कॉम्प्युटर बंद करून ठेवला होता. स्क्रीनवर तिच्या नावासमोरचा ठिपका फिका झाला होता, पण पिवळाच होता.

माझं काम काय होतं ते सांगतो. कारखान्यातल्या कुठल्या कॉम्प्युटरवर कुठला प्रोग्राम चालेल ते मी ठरवायचो. आधी असं काही नव्हतं. ज्याला जे वाटेल ते तो टाकायचा. पत्रिका बघायचा प्रोग्राम, पत्त्यांचे खेळ, फुकटचे काहीही. मग अकाउंट्समध्ये कुणीतरी असंच काहीतरी टाकलं आणि त्यातून आलेल्या किड्यानं आमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं. बिलं हातानं लिहायची वेळ आली. त्यातून सावरलो तोवर परदेशच्या गिऱ्हाइकाची अट आली, की कॉम्प्युटर नीट राखा, नाहीतर माल घेणार नाही. तेव्हा मी यादी केली. यादीतलं चालेल, यादीबाहेरचं उघडणार नाही. उघडायला गेलं तर एक पाटी यायची. ती पाटी मीच मराठीत लिहिली होती, म्हणजे कुणी घाबरू नये:

'हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालवण्याची परवानगी नाही. येमूल यांना विचारा.'

ते वाक्य कारखानाभर झालं. कॅन्टीनमध्ये भजी संपली की पोऱ्या म्हणायचा, येमूल यांना विचारा. रजा नाकारली की मॅनेजर होटगीकर साहेब हसून तेच म्हणायचे. मी शेडमधून चाललो की मागावरून कुणीतरी ओरडायचं, "साहेब, पाणी पिऊ का?"

घरीही तेच.

"अजून थोडा भात घेऊ का हो?" अंबिका विचारायची.

"घे की. मला काय विचारतेस?"

"पाटी तशी आहे. विचारल्याशिवाय उघडत नाही काही."

"दिली परवानगी."

"कशासाठी हवाय ते नाही विचारलं. तुमच्या फॉर्मात रकाना आहे तो."

"कशासाठी हवाय?"

"भूक लागली म्हणून," ती म्हणायची आणि भात वाढून घ्यायची.

तिच्याकडे चादरीची नक्षी काढायचा एक जुना प्रोग्राम होता. इचलकरंजीच्या एका माणसानं लिहिलेला. तो माणूस धंदा बंद करून कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं. स्क्रीनवर चौकोनांची जाळी यायची आणि कळ दाबून एकेक चौकोन भरायचा. त्यातून निघालेली फाईल आमच्या नक्षी विणणाऱ्या एकाच जुन्या जकार्ड मागावर चालायची. प्रोग्रामला भोकं होती आणि ती बुजवणारा कुणी उरला नव्हता. बाहेरच्यानं आत शिरायचं ठरवलं तर तीच वाट सोपी. डिझाईनमधल्या सगळ्यांनी नवा प्रोग्राम घेतला. अंबिका घेईना. मी दोनदा शिकवणी ठेवली, दोन्ही वेळा तिचं डोकं दुखलं.

"नव्यात वाईट काय आहे?" मी विचारलं होतं. आम्ही घरी चालत चाललो होतो.

"वाईट काही नाही. बटणं फार बारीक आहेत. आणि सगळी कडेला."

"सवय होईल."

"होईल हो. हे एक होऊ दे."

"हे एक म्हणजे?"

"घरची चादर. इतकी वर्षं हॉटेलवाल्यांसाठी काढल्या. आपल्या पलंगावर कुठल्या तरी दुकानातली."

"नक्षी कसली आहे?"

"येमूल यांना विचारा," ती म्हणाली. मग थांबली आणि म्हणाली, "इकडून या. डावीकडे."

ही तिची एक सवय होती. रस्त्यानं चालताना मी तिच्या डावीकडे असलो पाहिजे. चुकून उजवीकडे गेलो तर ती थांबायची आणि मी वळसा घालून आलो की पुढे चालायची. जेवायलाही मी डावीकडे. दस्तगीर मास्तर, जुना जकार्ड माग सांभाळणारे, आमच्या मागोमाग सुटायचे. ते चिडवायचे.

"लग्नाच्या फोटोत अक्का डावीकडं आणि इथं येमूल साहेब डावीकडं. पार्टी बदलली काय ओ?"

"फोटोत फोटोग्राफरनं उभं केलं होतं मास्तर," अंबिका म्हणायची. "इथं मी उभं करते."

शेवटी मी तिच्या प्रोग्रामला मुदत घालून परवानगी दिली. नवा नियम आला तरी तिचा प्रोग्राम आषाढ संपेपर्यंत चालेल, मग आपोआप बंद होईल. तोवर चादर होईल असं ती म्हणाली होती.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होटगीकर साहेबांनी मला बोलावलं. परवा गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती.

"उद्या रथ, कारखाना बंद," ते म्हणाले. "परवा सकाळी ती माणसं तुमच्या खोलीत बसणार. एक पिवळा दिसतोय येमूल."

"हो साहेब."

"कुठला आहे?" त्यांनी विचारलं आणि मग त्यांना स्वतःलाच कळलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "दुसरं कुणी काढेल हवं तर. पुण्याहून माणूस बोलावतो."

"मीच काढतो. उद्या येऊन."

"उद्या तुमचा रथ आहे ना?"

"यंदा मला रथ नाही साहेब."

आम्ही पद्मशाली, विणकर. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो आणि शहराच्या पूर्वभागातलं आमचं सगळं माणूस त्या मिरवणुकीत असतं. त्या दिवशी माग थांबतात. पण घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत सण नसतो. भावानं आग्रह केला नाही. मी जेवणाचा डबाही न घेता निघालो.

दुपार होती. वाटेत ढोलांचा आवाज मागे पडत गेला. कारखान्याच्या रस्त्यावर माणूस नव्हतं. मी गेटसमोरचा रस्ता ओलांडून आलो. डाइंगचं फाटक बंद होतं. शिवय्यानं कुलूप काढलं.

शेडमध्ये आवाज नव्हता. मी इतकी वर्षं तिथे होतो, पण ती शांतता मी कधी नीट ऐकली नव्हती. माग ओळीनं उभे होते, त्यांच्यावर सूत अर्धवट ताणलेलं, आणि पत्र्यातल्या काचांमधून खाली उजेडाचे पट्टे आले होते. तुसं तरंगत होती. ती खाली बसतच नव्हती. पाण्याखालून चालल्यासारखं वाटत होतं.

जुन्या जकार्डच्या पायरीवर दस्तगीर मास्तर बसले होते.

"मास्तर, आज?"

"माझा कुठला रथ," ते म्हणाले. "घरी झोप येत नाही. तिथं शांत असतं. इथं माग झोपलेत म्हणून बघायला आलो." मग ते म्हणाले, "होटगीकर साहेब बोलले काल. आज काढणार म्हणे अक्काचा प्रोग्राम."

"हो."

"मग तिची चादर?"

"ती त्यातच आहे. दुसरीकडे उघडत नाही."

"झाली होती पुरी?"

"माहीत नाही. बघतो. पुरी नसली तर करतो आणि तुम्हाला देतो. विणाल?"

"माग तयार आहे," ते म्हणाले. त्यांनी मागच्या फळीवरून सुताचा एक कोन उचलून मला दाखवला. पिवळं सूत. "त्या दिवशी मी चुकीचं आणलं होतं. हळदीचा पिवळा आणला, तिला झेंडूचा पाहिजे होता. मी म्हटलं, अक्का, रात्री अंधारात पांघरायचं ते, हळद काय आन झेंडू काय." ते कोनावरून अंगठा फिरवत राहिले. "नंतर मी जाऊन आणला बरोबरचा. हा तो."

मी डिझाईनच्या खोलीत गेलो. तिच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची माझ्यासाठी फार खाली होती. कॉम्प्युटर सुरू केला आणि त्या जुन्या प्रोग्रामच्या चित्रावर दोनदा दाबलं.

पाटी आली. येमूल यांना विचारा.

मुदत संपली होती. मीच घातली होती, मला ठाऊकच होतं, तरी मी ती पाटी वाचत बसलो. बाहेर कुणी नव्हतं. ढोल अगदी लांबून, वारा आला की ऐकू येत होते. मला खरंच वाटलं की कुणाला तरी विचारावं.

मग मी वर माझ्या खोलीत गेलो. परवानगीचा फॉर्म उघडला. कॉम्प्युटर, डिझाईन दोन. मुदत, आजचा दिवस. कशासाठी हवा. त्या रकान्यापाशी मी थांबलो. 'घरची चादर' असं लिहिलं आणि मंजूर केलं.

खाली येऊन पुन्हा दाबलं तेव्हा तो उघडला. स्क्रीनभर चौकोन आले. फार मोठे. मी कधी इतके मोठे चौकोन पाहिले नव्हते, बोटाच्या पेराएवढा एकेक. एका वेळी नक्षीचा टीचभर तुकडा दिसत होता. कुठे हिरवं, कुठे पांढरं. सरकवत सरकवत वर गेलो. वरती एका ओळीनंतर सगळं कोरं होतं. चादर अपुरी होती.

मला तो प्रोग्राम चालू-बंद करण्यापुरताच येत होता. कुठली कळ कुठला रंग, मी शोधू लागलो. की-बोर्डवर काही कळांवर लाल थेंब होते. नखांना लावायचं नेलपॉलिश. थेंब वाळून टणक झाले होते. मला ते माहीत होतं, साफसफाईच्या वेळी मी तिला विचारलंही होतं, आणि ती म्हणाली होती, शोभेला. आता बोट ठेवलं तर एकावर एकच थेंब, शेजारच्यावर दोन, तिसऱ्यावर उभी रेघ.

मी डोळे मिटून बोटं फिरवली. कसे मिटले ते सांगता येणार नाही. उन्हाची वेळ होती, पंखा हळू फिरत होता, आणि त्या खुर्चीत बसलं की मान आपोआप खाली जायची. एक थेंब, दोन थेंब, रेघ. मला वाटलं, ती उजव्या बाजूला उभी आहे. तिच्या साडीला खळीचा वास होता.

"तिकडे नाही," ती म्हणाली. "इकडून या."

"जागा कुठे आहे? भिंत आहे डावीकडे."

"मग भिंत बाजूला करा की. तुम्हाला सगळ्याची परवानगी आहे."

"भाऊजी."

मी डोळे उघडले. दारात शकीला उभी होती. हातात जेवणाचा डबा. "मास्तरांनी फोन केला," ती म्हणाली. "तुम्ही जेवला नसाल म्हणाले." तिनं डबा टेबलावर ठेवला आणि माझी बोटं कुठे आहेत ते पाहिलं.

"एक थेंब हिरवा," ती म्हणाली. "दोन पांढरा. रेघ पिवळा."

"तुला कसं माहीत?"

"मीच लावून दिले. माझी बाटली होती."

"कशाला?"

ती खुर्ची ओढून बसली. आधी डबा उघडला, भाकरी माझ्यापुढे ठेवली. मी खायला लागलो नाही, तिनंही खा म्हटलं नाही. मग तिनं अंबिकाच्या टेबलाचा खण ओढला आणि हात आत घालून एक लहान बाटली काढली. डोळ्यात घालायचं औषध. अर्ध्याच्या खाली आलेलं.

"काचबिंदू," शकीला म्हणाली. "डावा डोळा गेलाच होता भाऊजी. उजव्यातून समोरचं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. कडेचं नाही. नव्या प्रोग्रामची बटणं कडेला असतात. ह्यात कळा होत्या, म्हणून चालत होतं."

पंखा फिरत होता. मी बाटली हातात घेतली. तिच्यावरच्या कागदाचं एक टोक कुणीतरी नखानं सोललेलं होतं. अंबिकालाच सवय होती तशी.

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. मी म्हटलं, भाऊजींना सांगा. तर हसायच्या. म्हणायच्या, त्यांचा नियम तुला माहीत नाही. जुनं झालं आणि दुरुस्त होत नसलं की ते यादीतून काढतात."

मी बाटली टेबलावर उभी ठेवली.

"चेष्टेनं म्हणायच्या," शकीला म्हणाली. "तुम्ही घरी बसवाल ह्याची भीती होती. चादर झाली की सांगते म्हणाल्या होत्या. मला शपथ घातली होती."

"रस्त्यानं कशी जायची ती?"

"तुमच्याबरोबर," शकीला म्हणाली. "एरवी मी असायचे. मी पण डावीकडेच." तिनं पदर डोळ्यांना लावला. "त्या दिवशी माझं जेवण व्हायचं होतं. थांबा म्हटलं होतं, येते मी. त्या म्हणाल्या, समोरच तर जायचंय."

टेम्पो डावीकडून आला होता.

दस्तगीर मास्तर कधी येऊन दारात उभे राहिले होते कळलं नाही. त्यांनी ऐकलं असावं. ते आत आले आणि स्क्रीनकडे वाकून पाहू लागले.

"किती राहिलंय?"

मी वरचा कोरा भाग दाखवला. मग मी कळ दाबली. एक थेंब, हिरवा. एक थेंब. दोन थेंब. रेषा कुठे वळवायची ते मला कळेना. पुसलं, पुन्हा भरलं. काहीतरी झालं खरं, पण ते खालच्याशी जुळत नव्हतं. शकीला म्हणाली, "मी बघू?" तिनंही थोडं भरलं आणि थांबली. "अक्का डोक्यातून काढायच्या. कागदावर काही नसायचं."

"सोडा," मास्तर म्हणाले. "तुम्ही घातलेलं पुसा दोघांनी. तिचं आहे तेवढं विणू. पुढं पांढरं जाऊ दे."

"अर्धवट चादर?"

"पांघरायला पुरती येती की. नक्षी नसली म्हणून थंडी आत येत नाही."

आम्ही आमचं पुसलं. फाईल पेन ड्राइव्हवर घ्यायची होती, तर पेन ड्राइव्ह लागेना. ती वाटही मीच सगळीकडे बंद केली होती. पुन्हा जिना चढून वर गेलो, डिझाईन दोनपुरती ती उघडली, खाली आलो. शकीला म्हणाली, "एवढी कुलपं भाऊजी." मी म्हटलं, हो.

मास्तरांनी माग सुरू केला. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकच माग. एकट्या मागाचा आवाज वेगळाच येतो. भिंतीवर जाऊन परत येतो, जणू पलीकडे दुसरा कुणीतरी विणतोय. उजेडाचे पट्टे तिरके झाले होते. तुसं आता त्या एका मागाभोवती फिरू लागली. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो आणि कापड बोटाबोटानं पुढे येत होतं.

आधी पांढरा काठ आला. मग हिरव्या बुट्ट्या. गोल, एका ओळीत, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. मग दुसरी ओळ. मग तिसरी. मास्तर म्हणाले, "हे काय काढलंय अक्कानं? ना मोर, ना कमळ. नुसते ठिपके."

मी ओळखलं होतं. ती कधीतरी डबा द्यायला वर यायची आणि माझ्या मागे उभी राहून स्क्रीन बघायची. तुमची बाग, म्हणायची. सगळी फुलं हिरवी, आमचं तेवढं पिवळं.

मास्तरांनी माग थांबवला. पिवळा कोन लावला. "एका बुट्टीसाठी," ते पुटपुटले. "एका बुट्टीसाठी कोन बदलायला लावला. बाई आहे की काय आहे."

पुन्हा माग सुरू झाला आणि हिरव्यांच्या मधे ती पिवळी बुट्टी आली. झेंडूचा पिवळा. तिच्या डाव्या हाताच्या बुट्टीला तिनं कड काढली होती, बाकीच्या कुणाला नव्हती. मी ते दोन ठिपके पाहिले. मागावरून कापड हळूहळू गुंडाळलं जात होतं आणि ते दोन्ही खाली गेले.

पुढे आणखी थोड्या हिरव्या ओळी आल्या. एक ओळ मधेच संपली. मग पांढरं आलं आणि पांढरंच येत राहिलं. मास्तरांनी माग मधे थांबवला नाही. चादरीची लांबी पुरी होईपर्यंत ते कोरं विणत राहिले.

चादर उतरवली तेव्हा दोन्ही टोकांना सुट्या दशा लोंबत होत्या. आमच्याकडे दशांच्या गाठी बायका घरी बसून मारतात. अंबिका लहानपणी तिच्या माहेरी तेच करायची, गप्पा मारत, खाली न बघता. शकीला जमिनीवर बसली आणि तिनं नक्षीच्या बाजूच्या दशा मांडीवर घेतल्या. चार चार दोरे घ्यायचे, पीळ द्यायचा, गाठ. तिनं ती बाजू पुरी केली. मग चादर घडी करून माझ्या हातात दिली.

"ती बाजू तुम्ही करा," ती म्हणाली. "अक्का म्हणायच्या, डोळे लागत नाहीत त्याला."

मी परत डिझाईनच्या खोलीत गेलो. प्रोग्राम बंद केला. मग तो काढून टाकला. 'खात्री आहे का?' असं कॉम्प्युटरनं विचारलं आणि मी हो म्हटलं. त्याच्याबरोबर तिची फाईलही उघडेनाशी झाली. पेन ड्राइव्हची वाट बंद केली. वर जाऊन पाहिलं, तर सगळे ठिपके हिरवे होते. दुसऱ्या दिवशी ती माणसं आली, माझ्या खुर्चीत बसली आणि होटगीकर साहेबांना म्हणाली, छान राखलंय.

रथाच्या त्या संध्याकाळी मी चालत घरी आलो. चादर काखेत होती. गेटसमोर रस्ता ओलांडताना माझ्या लक्षात आलं, मी डाव्या कडेनं चाललोय आणि उजवीकडे एका माणसाची जागा सोडलीय. मी ती तशीच ठेवून चालत राहिलो. ढोल थांबले होते. मिरवणुकीतून परतलेली माणसं गुलालानं माखलेली, हसत येत होती, आणि त्यांतली काही मला बघून बाजूला झाली, दोघांना वाट द्यावी तशी. तसं मला वाटलं असेल.

आता मी निवृत्त आहे. दस्तगीर मास्तर नाहीत. जुना जकार्ड भंगारात गेला. शकीला अधूनमधून येते, आल्यावर चादरीची घडी उलगडून बघते आणि पुन्हा घालते. थंडीत मी ती घेतो. पिवळी बुट्टी माझ्या उजव्या हाताला येईल अशी घेतो, आणि कोरा भाग पायाकडे जातो.

पांढऱ्या बाजूच्या दशांना गाठी मारायच्या अजून राहिल्या आहेत.